पंख्यातला दोर

गोदावरीच्या पुरात मोटारबोट बंद पडून मल्हारी वाहून गेला. पंख्यात दोर गुंतला होता, असं त्याचा धाकटा भाऊ रायभान घरी सांगत आला. म्हणून बोट दिराच्या हाती देण्याआधी मल्हारीची बायको कासाबाई त्याच्यासोबत पंख्याच्या दांड्यावर बसवायचं, दोर कापायचं पातं घ्यायला दुकानात आली. त्या दांड्याच्या मापाची सुतळी तिनं पदराला बांधून आणली होती. "थोरलं नको, सैल बसतंय," म्हणत तिनं नेमकं पातं निवडलं.

"आता घोर न्हाई, भावजी. तरी तुमच्या बायकूला गंगामाईला हिरवं लुगडं सोडायला सांगा. त्या दिशी मी बी सोडलं व्हतं त्यायच्यासाठी, पर मेल्या दोरानं घात केला."

रायभाननं पातं पिशवीत टाकलं.

 

पंख्यातून त्यानं दोर काढलाच नव्हता. तिचंच हिरवं लुगडं काढलं होतं.