तीस सेकंदांचं स्टूल

केसपेपर उघडायला संगणक तीस सेकंद घेतो, अशी मोठ्या डॉक्टरांची तक्रार होती. संगणक दुरुस्तीला आलेला मी सकाळपासून वॉर्डात डोकं खाजवत बसलो, तेव्हा कुठे दुखणं सापडलं. केसपेपर साठवलेल्या डेटाबेसला दोन पत्ते होते. संगणक आधी नव्या पद्धतीच्या लांबलचक पत्त्यावर जायचा. तिथं कुणी दार उघडत नसे. तीस सेकंद ताटकळून तो जुन्या, चार आकड्यांच्या पत्त्याकडे वळायचा. मी जुना पत्ता आधी लावला. “सिस्टर, बघा आता.” तिनं बटण दाबलं, सवयीनं पायानं स्टूल ओढलं, टेकणार तोच केसपेपर समोर आला. ती तशीच अर्धवट वाकून राहिली. “बारा तासांच्या ड्यूटीत तेवढंच टेकायला मिळायचं,” ती म्हणाली. “पूर्वीसारखं करून देऊ?” “नको हो. पेशंट खोळंबतात.” स्टूल उचलून तिनं खाटेशी उभ्या असलेल्या म्हातारीपुढे ठेवलं. “बसा आजी,” ती म्हणाली. “मला आता लागायचं नाही.”