पथ्य

माझ्या पोरीला, बोरामला, रक्ताचा कर्करोग झाला आणि तिची किमची बंद झाली. औषधांनी पांढऱ्या पेशी पार खाली आल्यात, कच्च्या-आंबवलेल्यातला साधा जंतूही तिला झेपायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तरी मी रोज विचारायची आणि ते रोज रागवायचे.

थंडी पडली तशा सोलमधल्या आमच्या गल्लीतल्या बायका वर्षभराची किमची घालायला अंगणात जमल्या. तिखट-लसूण चोळलेलं कोबीचं पहिलं पान दरवर्षी मी बोरामच्या तोंडात कोंबायची. यंदा तिनं दवाखान्यातून, व्हिडिओ कॉलवरच आ केला.

"टाक ना गं आई! एका पानानं काय मरतेय का मी?"



मी हातमोजे फेकले, चार पानं डब्यात भरली आणि तशीच दवाखाना गाठला. डॉक्टरांना दारातच अडवलं.

"एक पान, डॉक्टर! पोर आसुसलीय हो. खड्ड्यात गेलं तुमचं पथ्य!"

आज ते रागावले नाहीत. हातातल्या रिपोर्टवरून नजरही उचलली नाही.

"द्या," ते हळूच म्हणाले. "आता ती मागेल ते द्या."

डबा माझ्या हातातच राहिला. दुसऱ्या हातानं मी त्यांची बाही घट्ट धरली.



"नाही म्हणा ना, डॉक्टर. रोजच्यासारखं रागावून नाही म्हणा."