फ्री थ्रोआधीची टाळी

पंचाने शिट्टी वाजवली. रॉरीला दोन फ्री थ्रो, म्हणजे कुणी न अडवता बास्केटमध्ये बॉल टाकायच्या दोन संधी.

कँटीनच्या काउंटरमागे, खोक्यांच्या आड उभ्या असलेल्या त्याच्या आईने, ग्लेनिसने, हातातला चहा खाली ठेवला.

"तुझी खुर्ची रिकामी दिसणार त्याला," कँटीनवाली डॉट सॉसेज रोल कागदात गुंडाळत म्हणाली. "लपाछपी खेळायचं वय आहे का तुझं?"

"बुधवारी माझं खुब्याचं ऑपरेशन. मग सहा शनिवार मी नाहीच. काय होतं ते आजच कळू दे."

बॅलरॅट शहरातल्या या हॉलमध्ये दर शनिवारी बास्केटबॉल असायचा; समजायला जरा वेळ लागणारे आणि बाकीचे, दोन्ही टीममध्ये मिसळून खेळायचे. सव्वीस वर्षांचा रॉरी आईची टाळी घेतल्याशिवाय फ्री थ्रो टाकत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पंचही घड्याळ थांबवून वाट पाहायचे. मागे एकदा ग्लेनिसला यायला उशीर झाला, तर तो बास्केटखाली मांडी घालून बसला. मॅच तिथेच संपली.

रॉरी बॉल काखेत धरून कडेला आला. पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर आईचा नुसता स्वेटर होता. त्याने वाकून खुर्चीखालीही पाहिलं. सरळ होऊन तो बास्केटखालच्या जागेकडे बघायला लागला.

ग्लेनिस त्याच्याकडे निघालीच. डॉटने तिचं कोपर धरलं.

"थांब गं. जरा थांब."

रॉरी वळला. आपल्या टीमच्या पोरांना ओलांडून तो थेट समोरच्या टीममधल्या उंच तालियापुढे जाऊन उभा राहिला. त्याचा आवाज कँटीनपर्यंत ऐकू आला.

"टाळी दे."

"मी तुमच्यात नाहीये रे."

"माहितीये. आई नाहीये. दे."

तालियाने विचार केला. हात चड्डीला पुसला. "बरं. पण चुकव हां."

टाळी वाजली. बॉल रिंगवर आपटून बाहेर गेला.

"शहाणा," तालिया म्हणाली.

रॉरी खो खो हसायला लागला. पंचाने बॉल परत दिला. रॉरीने वळून पाहिलं, तर तालियाचा हात आधीच पुढे आलेला.

"आता तरी नीट टाक, बावळटा."

दुसऱ्या बॉलचं काय झालं, ते ग्लेनिसला दिसलं नाही. ती पाण्याच्या बाटल्यांच्या खोक्यावर बसली होती, दुखरा पाय लांब करून. उजवा हात मात्र अजून पुढेच होता, तळवा उघडा.

डॉटने त्यावर गरम सॉसेज रोल ठेवला.

"खा. सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या."