आधी कानस, मग डिझेल

अन्वरने पट्टी काचेच्या तुकड्यावर उभी केली आणि हात काढला. ती उजवीकडे कलंडली. पुन्हा उभी केली, पुन्हा उजवीकडेच.

“पाह्यलं?” तो म्हणाला. “एक कड झिजून गेली, दुसरी उंच राह्यली. असल्या पट्टीवर चेन सरळ चालत नाही. तू काप सरळ घेशीन, अन्‌ मशीन तुले उजवीकडे नेईन.”

गोपाल समोरच्या स्टुलावर बसला होता. मूळचा साखरखेर्ड्याचा, आल्हादशेठ ठेकेदाराकडे झाडं कापायच्या कामावर महिन्याभरापूर्वी लागलेला. उद्या खंडेनवमी. हत्यारं पूजेला मांडायची म्हणून पठ्ठ्याने शेठचं अख्खं गोदाम उपसलं होतं. कुऱ्हाडी, करवती, हाती लागेल ते पोत्यात भरून धाड गावात अन्वरच्या दुकानात आणलं होतं. माळ्यावरच्या अडगळीत चेनसॉची ही जुनी पट्टीही निघाली, तेल आणि भुशाच्या काळ्या थराने माखलेली.

“शेठ बाहेरगावी गेले आहेत,” गोपाल म्हणाला. “ते यायच्या आत सगळं चकाचक करून ठेवतो. माह्या मशीनची पट्टी तं पार गेली. परवापासून हीच लावतो.” मग त्याने विचारलं, “आधी धुऊन नाही घेत का?”

“धुणं शेवटी. आधी धुतली का कानशीचा चुरा पुन्हा खाचेत जाऊन बसते. आधी कानस, मग डिझेल. वीस वर्षं झाले, हेच करून राह्यलो.”

त्याने पट्टी व्हाइसच्या जबड्यात आवळली. कानस उचलली आणि हात तसाच थांबला.

याच शेठकडे त्याचा धाकटा भाऊ मुजम्मिल मशीन चालवायचा. चार महिन्यांपूर्वी त्याने कापलेला निंब भलतीकडे पडला आणि दोरी ओढणारा निवृत्ती त्याखाली गेला. आदल्याच संध्याकाळी दोघांची एसटी स्टँडवर चारचौघांत जुंपली होती. मग काय, झाड जाणूनबुजून अंगावर पाडलं, असा गुन्हा लागला. पट्टी झिजलेली होती, तिनेच उजवीकडे ओढलं, असं मुजम्मिल कानीकपाळी ओरडत राहिला. पण दाखवायला मशीनच नव्हती. ती त्याच दिवशी चोरीला गेली, असं शेठने लिहून दिलं होतं.

गेल्या आठवड्यात बुलढाण्याच्या जेलमध्ये अन्वर त्याला भेटला, तेव्हा जाळीपलीकडून तो एकच बोलला होता. “भाईजान, ती पट्टी भेटली ना, तं कोर्टात काचेवर उभी करून दाखवजा. मी तिच्यावर आपली खूण ठोकेल आहे. तीन टिंबं.”

ती खूण अन्वरनेच शिकवलेली. पट्टी दर आठवड्याला उलटी लावली तर दोन्ही कडा सारख्या झिजतात. कोणती बाजू वर होती ते कळावं म्हणून बुडाशी पंचने तीन टिंबं ठोकायची. जेलमधून अन्वर परत आला की मुजम्मिलची बायको नाजिश दारात उभी असायची. अन्वरला ते उभं राहणं सहन होत नसे.

आणि आता त्याच शेठची ही पट्टी. तिथल्या सगळ्या पट्ट्यांची हीच गत, ना कोणी उलटी लावत, ना कोणी बघत. अन्वरच्या मनात आलं, आपण काहीच करायचं नाही. नुसती पुसून द्यायची. परवा आणखी एक झाड भलतीकडे पडेल, त्याच शेठच्या मशीनने. मग वकिलाला बोलायला जागा होईल. मुजम्मिल सुटेल. आपण तर कानसही लावली नाही, पाप कसलं?

“परवा कोणतं झाड आहे?” त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं.

“चिचेचं. लय मोठं हाये.”

“दोरीवर कोण?”

“बायको माही, रेणुका. निवृत्तीभाऊचं झाल्यापासून दोरीले माणूसच भेटत नाही. पोरगी वैष्णवी लहान आहे, तिले घरी कोणाजवळ ठेवावं? तेही तिथंच सावलीत बसते.” गोपाल जरा घुटमळला. “मले मालूम आहे, मुजम्मिलभाई तुमचे भाऊ व्हय. पण सगळे म्हणतात, अन्वरभाईनं केलेली पट्टी सरळ चालते. म्हणून तुमच्याकडेच आलो.”

अन्वरला स्वतःची इतकी शरम वाटली की त्याने मान वर केली नाही.

त्याने कानशीला लाकडाचा ठोकळा टेकवला आणि उंच कड उतरवायला लागला. एकेक हात, घाई न करता. चुरा पांढरा होऊन खाली पडत होता. कडेला फुटलेले धातूचे कोंब त्याने घासून काढले, चेन बसते ती फाकलेली खाच हलक्या हातोडीने मिटवली. मग पट्टी उलटी धरून दुसरी बाजूही तशीच केली. तिसऱ्या प्रहरी असरची अजान झाली तरी तो उठला नाही. इतकं जीव ओतून काम त्याने कित्येक महिन्यांत केलं नव्हतं.

मग पट्टी काचेवर उभी केली आणि हात काढला. ती उभी राहिली. पालथी करून पाहिली, तरी उभीच. त्याने टेबलावर मूठ आपटली. पट्टी हलली नाही.

“वा!” गोपाल खूश होऊन म्हणाला. “आता कोणाले सांगतलं तरी पटणार नाही, का हे पट्टी कधी वाकडी चालत होती म्हणून.”

अन्वर हसला. चार महिन्यांत पहिल्यांदा त्याला मोकळं वाटत होतं. परवा झाड पडायचं तिथेच पडेल, ती लहान पोरगी घरी परत येईल. मुजम्मिलचं अल्ला बघेल.

त्याने फडकं डिझेलमध्ये बुडवलं आणि पट्टी टोकापासून पुसत आणली. काळा थर सुटत गेला, आणि पट्टीच्या बुडाशी, एका ओळीत, तीन टिंबं उघडी पडली.