जंतुदिवा

सर्जन दिघावकर आज स्वतःच्याच हॉस्पिटलात पेशंट होते. पोटावरचे टाके ताजे होते. सिस्टर ओहोळने उशाचा जंतुदिवा लावला. औषधांना, अगदी स्पिरिटलाही दाद न देणारे जंतू त्याच्या उजेडात हिरवे दिसत. पेशंट घाबरतात म्हणून दिघावकरांनीच वॉर्डातले हे दिवे बंद करायला लावले होते. पुढे त्याच वॉर्डात ओहोळचे वडील जखम चिघळून गेले.

शेजारच्या खाटेवरचं ड्रेसिंग आटोपून ज्युनियर डॉक्टर निमिष आला. त्याचे ग्लोव्हज हिरवेगार होते.

"लांब हो!" दिघावकर किंचाळले. "आधी ग्लोव्हज बदल!"

"पण सर, तुम्हीच शिकवलंत ना, जोडी बदलत बसू नका, वरून स्पिरिट चोळा..."

"अरे, बदल म्हणतोय ना!"

निमिष पडद्याआड गेला. तेवढ्यात ओहोळने दिवा बंद केला.

"सिस्टर, दिवा लावा! मला बघू दे."

"माझे बाबाही हेच म्हणत होते," ती म्हणाली. "तेव्हा तुम्ही म्हणालात, पेशंटने सगळं बघायचं नसतं."

निमिष परत आला. ग्लोव्हज पांढरेशुभ्र दिसत होते. तो टाक्यांवर वाकला, तसा दिघावकरांना स्पिरिटचा वास आला.