टिटवीची भूक

"आधी कान, मग डोळे," असं पुटपुटत हर्षदा खाडीच्या काठावर डोळे मिटून उभी राहिली.

वहीत आतापर्यंत चारच पक्षी झाले होते आणि चारही तिच्या लेकीनं, अनुजानं दाखवलेले. शहरात प्लेगची साथ आली त्या वर्षी जन्मलेली, साडेतीन वर्षांची पोर. पण बाभळीत लपलेला खंड्यासुद्धा आधी तिलाच दिसायचा. हर्षदा चष्मा पुसेपर्यंत हिचं बोट वर झालेलं असायचं. वही प्रभाकर सरांनी दिली होती. शाळेत शिकवायचे, सुट्टीच्या दिवशी दुर्बीण गळ्यात अडकवून फिरायचे. रकानेही त्यांनीच आखून दिले होते: नाव, जागा, रंग, आवाज. शेवटचा रकाना अजून कोराच होता. लूमच्या खात्यावर, म्हणजे कारखान्याच्या माथ्यावरच खोली, रात्रंदिवस खाली खडखडाट. तिथं पक्षी ऐकू येणार कुठून?

पण आज मंगळवार होता. मंगळवारी बमरोलीत कारखान्यांची लाइट बंद. इतकी शांतता की बाभळीची शेंग पडलेली कळावी.

"काय वं, ऐकू उना का तुना मास्तरना पोपट?" तिचा नवरा योगराज मागून ओरडला. बारा वर्षं लूमवर काढलेला माणूस, घरातही ओरडूनच बोलायचा.

"अहो हळू! उडून जातील."

"हळूच बोली ऱ्हायनू ना!" तो तितक्याच मोठ्यानं म्हणाला.

हर्षदाला हसू आलं. तेवढ्यात तो आवाज आला. तीक्ष्ण, घाईघाईचा, कुणाला तरी दटावल्यासारखा. टी-टी-टिव. टी-टी-टिव. तिनं वर बघितलंच नाही. टिटवी! स्वतःच्या कानानं ओळखलेला पहिला पक्षी. आधी वही उघडून शेवटच्या रकान्यात लिहिलं आणि मगच वर बघितलं.

अनुजा वीसेक पावलांवर खड्यांमध्ये उकिडवी बसली होती. खडे वेचत होती. टिटवी मागून तिच्या डोक्यावर झेपावत होती, ओरडत, पुन्हा वळून, पुन्हा ओरडत.

"अंडा व्हतीन तठे," योगराज उठत म्हणाला. "अनू, सरक तठून!"

अनुजा खडे वेचतच राहिली. पक्ष्याची सावली तिच्या हातावरून सरकली, तेव्हा कुठे तिनं वर बघितलं आणि हसली.

हर्षदाच्या हातातलं पेन थांबलं.

"अनू," तिनं हाक मारली. नेहमीसारखी. मग जरा मोठ्यानं. मग खात्यावर मारायची तशी, गळ्याच्या शिरा ताणून. पलीकडच्या काठावरच्या म्हशीनं मान वळवली. अनुजानं नाही.

"खेळी ऱ्हायनी ती," योगराज म्हणाला.

"अहो, आज लूम बंद आहेत."

त्यानं पोरीकडे बघितलं. मग म्हणाला, "मी जिना चढनू का लगेच दारकडे देखस ना ती? मंग?"

"जिना वाजतो म्हणून नाही हो. हलतो म्हणून."

खोलीत सगळंच हलायचं. आणि तिथं तोंडानं बोलतं कोण? खांद्यावर थाप मारली की 'ऐक'. पालथा पंजा म्हणजे 'बंद'. पाच बोटं जुळवून ओठांना लावली की जेवणाची सुट्टी. खात्यातल्या माणसांच्या या खुणा, सासूबाईंनी, उषाबाईंनीही उचललेल्या. "पोर कितली हुशार शे! नुसता हात दाखाडा तरी समजी लेस," उषाबाई गल्लीभर सांगत. पोर बोलत नाही म्हटलं तर, "योगराज तरी कोठे बोलता व्हयेल व्हता चार वरीसलोंग?" हर्षदा रोज पोरीचा ताप बघायची. नखं, दात, पायांची ठेवण बघायची. रात्री उठून श्वास बघायची. सगळं बघायची.

योगराजनं चपला काढल्या. पाय न वाजवता तो पोरीच्या मागे गेला, तिच्या डोक्यामागे हात नेले आणि टाळी वाजवली. टिटवी बिचकून वर उडाली. त्यानं आणखी जोरात वाजवली. काठावरचे दोन बगळे उडाले.

अनुजानं एक पांढरा खडा उचलून फ्रॉकला पुसला.

योगराज तसाच उभा राहिला. जुळलेले तळवे उघडायचे राहूनच गेले.

टिटवी आता समोरच्या दगडावर उतरली होती आणि अनुजाकडे बघून जीव तोडून ओरडत होती. अनुजा तिच्या चोचीकडे बघू लागली. उघडते, मिटते. उघडते, मिटते. पोरीनं बराच वेळ विचार केला. मग तिला कळलं. वळून तिनं आईला शोधलं, पाच बोटं जुळवून ओठांना लावली आणि टिटवीकडे बोट केलं.

फ्रॉकच्या खिशातून तिनं ग्लुकोजचं अर्धं बिस्कीट काढलं, तळहातावर ठेवलं आणि पक्ष्यापुढे धरलं.

हर्षदा धावत आली. पोरीपुढे गुडघ्यांवर बसली. काहीतरी म्हणायला तिनं तोंड उघडलं. ते उघडंच राहिलं.

अनुजा आईच्या तोंडाकडे बघत होती. मग टिटवीपुढचा हात तिनं मागे घेतला, बिस्किटाचे दोन तुकडे केले आणि त्यातला मोठा आईच्या ओठांशी धरला.