काडी आणि डिंक

गारा थांबल्या, पण पाऊस काही थांबेना. हरवलेली कालवड शोधायला डोंगरात आलेला शरणप्पा धावतपळत कपारीत शिरला आणि जागीच थबकला. आत आधीच कुणीतरी अंग चोरून बसलं होतं. गुरुसिद्धप्पा, त्याचा सख्खा थोरला भाऊ.

परत फिरावं तर बाहेर उभं राहायची सोय नव्हती. शरणप्पा दुसऱ्या टोकाला पाठ करून बसला. अव्वा, म्हणजे त्यांची आई, गेली तेव्हा तिला कुणाच्या शेतात माती द्यायची, यावरून दोघांत वाजलं होतं. थोरल्यानं आपलंच खरं केलं. अव्वाची समाधी त्याच्या शेतात चिंचेखाली झाली, आणि तेव्हापासून शरणप्पानं ना त्याच्या दारात पाय ठेवला, ना त्याच्याशी शब्द काढला. डोक्याचे केस पांढरे झाले, हट्ट मात्र तरणाताठाच राहिला.

थोड्या वेळानं मागून दात वाजल्याचा आवाज आला. शरणप्पानं हळूच मान वळवली. थोरला अण्णा नखशिखांत भिजला होता. ओठ निळे पडले होते आणि गुडघे छातीशी धरूनही अंगाची थरथर थांबत नव्हती. असंच चाललं तर म्हातारा इथंच गार पडायचा. राग होता, पण भाऊ होता.

त्यानं कपारीतला पाला, काटक्या पुढं ओढल्या. सगळं दमट. नुसत्या काडीनं हे पेटणार नाही, हे त्याला कळत होतं.

तेवढ्यात थोरल्यानं कनवटीची गाठ सोडली. बधिर बोटांना ती सुटता सुटेना. आतून निघाला तो पिवळसर, चिकट गोळा त्यानं काटक्यांवर ठेवला. सालईचा डिंक, धुपासारखा जळणारा.

"काडी हाय का?" त्यानं विचारलं.

इतक्या वर्षांतला पहिला शब्द!

काडी होती. शरणप्पाला बिडीचा नाद नव्हता, तरी डोंगरात निघताना काड्यापेटी प्लास्टिकमध्ये गुंडाळून खिशात जायचीच. ही सवय अव्वाची. दोघं पोरं शेरडं घेऊन निघाली, की ती धाकट्याच्या हातात पेटी द्यायची आणि थोरल्याच्या कनवटीला डिंक बांधायची.

"अव्वा, दोनी मलाच दे की," थोरला कुरकुरायचा.

"न्हाय. एकाकडं काडी, एकाकडं डिंक. भांडून दोन वाटांनी गेलात तर बसा कुडकुडत!"

मग दोघं दिवसभर भांडायची, पण एकमेकांना नजरेआड होऊ द्यायची नाहीत.

शरणप्पानं काडी ओढली. डिंक आधी नुसता वितळला, बुडबुडला, मग काळा धूर सोडत भडकला. भोवतीच्या ओल्या काटक्या तडतडत पेटल्या. कपारीत देवळासारखा वास भरला. त्या वासाबरोबर ओल्या शेरडांचा वास आला, विस्तवावर शेकलेली शिळी भाकरी आली, अव्वाची हाक आली. शरणप्पाचे डोळे भरले. धुराचं निमित्त करावंसंही त्याला वाटलं नाही.

"अव्वाच्या समाधीपुढं जाळायला नेत व्हतो," थोरला म्हणाला. "जळू दे हितंच."

"अण्णा, बंडी काढा तुमची. वाळू घालतो."

थोरल्यानं बंडी काढून दिली. शरणप्पानं ती पिळायला घेतली, तशी आतल्या खिशातून बिड्यांची प्लास्टिकची पिशवी खाली पडली. बिड्यांच्या शेजारी एक लाल लायटर होता. पिशवीत पाण्याचा थेंबही शिरला नव्हता.

शरणप्पानं लायटर काढून दाबला. पहिल्याच दाबाला ज्योत उठली.

"चालू हाय की ह्यो!"

"व्हय. मागच्याच बाजारी घेतलाय."

"मग मघाशी मला काडी कशाला मागितली?"

थोरल्यानं विस्तवावर तळहात धरले. वर न बघताच म्हणाला, "अव्वानं काडी माझ्याकडं कधी दिली व्हती का रं?"